वरची कडी, खालची कडी

माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस पहिले तीन महिने खोटं बोलतो, आणि मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो सोबत आलेल्या नातेवाइकांचा. ते पहिल्याच दिवशी विचारतात, “मॅडम, बरा हुईल न्हवं?” जणू काही गालफुगी झाली आहे.

मी वर्षाराणी, मानसतज्ज्ञ. राजारामपुरीत आठव्या गल्लीत माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. दुसरा मजला, चौतीस पायऱ्या, लिफ्ट नाही. लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांची तपासणी आणि उपचार हे काम सहसा कोणी अंगावर घेत नाही. माझी सख्खी बहीण म्हणते, “असल्या लोकांना कशाला बसवून घेतीस गं समोर?” मी तिला सांगते, ते कुठंतरी बसणारच आहेत, माझ्यासमोर बसलेले बरे. आणि उपचारानं यातली पुष्कळ माणसं सुधारतात, हे मी आजही म्हणते. पुढं जे सांगणार आहे ते सांगूनसुद्धा म्हणते.

श्रेणिक माझ्याकडे आला तो त्याच्या भावजयीमुळे. रूपाली तिचं नाव. कागलला त्यांचं एकत्र घर, शेती, गोठा. श्रेणिक तिथंच गणिताचा क्लास घ्यायचा. नऊ वर्षांपूर्वी क्लासमधल्या एका मुलीवर त्यानं अत्याचार केला. खटला चालला, गुन्हा शाबीत झाला, सात वर्षं तो आत होता. सुटून आल्यावर गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत स्टोअरला लागला आणि तिथंच खोली घेऊन राहू लागला. त्या मुलीचं नाव मी इथं घेणार नाही. तिची आई तिला घेऊन कागल सोडून कोल्हापुरात आली, शाहूपुरीत, आणि त्यांचा पत्ता चार माणसांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हता.

त्या चारांत रूपाली एक. दशलक्षण पर्व संपलं की जैन घरांत क्षमावाणी असते. एकमेकांच्या दारी जाऊन वर्षभरात झालेल्या चुकांची क्षमा मागायची. रूपाली त्या दिवशी सासरी काही न सांगता शाहूपुरीत जायची आणि सगळ्या घराच्या वतीनं त्या माय-लेकींपुढं हात जोडून यायची. पत्ता तिनं नवऱ्यालाही कधी सांगितला नव्हता.

पहिल्या भेटीत ती माझ्यासमोर ताठ बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

“मॅडम, घरात सगळी म्हणत्यात, झालं गेलं, शिक्षा भोगली, आता आणू या घरात. आमचे हे तर रोज भावासाठी डोळ्यांत पाणी काढत्यात. पण मला दोन पोरी हायत. थोरली आदिती नऊ वर्षांची हाय. मी सांगून टाकलंय, डॉक्टरीण बाईंचा कागद आल्याबिगर भाऊजींनी उंबरा वलांडायचा न्हाई. तुम्ही द्या कागद, मी स्वतः ओवाळून आत घेतो.”

“कागद म्हणजे हमी नाही, रूपालीताई,” मी म्हणाले. “मी फक्त धोका किती ते सांगू शकते. कमी, मध्यम की जास्त.”

“मला तेवढं बास हाय. तुम्ही कमी म्हणालात तर मी पोरींच्या खोलीला कुलूप घालणार न्हाई.”

म्हणजे माझ्या सहीवर त्या दोन पोरींचं दार उघडणार किंवा बंद राहणार होतं. मला त्याचं ओझं वाटलं नाही, हे कबूल करते. मला अभिमान वाटला.

खालच्या मजल्यावर मुलांचा कोचिंग क्लास आहे, तो तीनला भरतो. म्हणून श्रेणिकला मी दर मंगळवारी अकराची वेळ दिली. त्या वेळी इमारत मोकळी असते. जिन्यात कुणी खाकरलं तरी वरपर्यंत ऐकू येतं. तो वेळेचा पक्का. बरोबर अकराला दोनदा टकटक, पांढरा शर्ट, खिशाला पेन. बाराला उठायचा, हात जोडायचा, हलक्या पावलांनी जिना उतरायचा. तो गेला की मी दाराला कडी लावायचे आणि डबा उघडायचे. माझी खिडकी मागच्या बोळात उघडते, रस्ता दिसत नाही, पण त्याची जुनी स्कूटर सुरू झाल्याचं ऐकू यायचं. बऱ्याच वेळानं. माझी अर्धी पोळी संपायची तेव्हा कुठं ती फुरफुरायची. मला वाटायचं, बिचाऱ्याला किक मारून मारून घाम फुटत असेल.

पहिल्याच दिवशी मी त्याला नियम सांगितला आणि त्यावर सही घेतली. इथलं बोलणं इथंच राहील, पण कुणाला धोका दिसला तर राहणार नाही.

माझी पद्धत सरळ आहे. खोटं पकडायचं यंत्र माझ्याकडे नाही, आणि असतं तरी मी त्यावर विसंबले नसते. आधी निकालपत्र वाचायचं, म्हणजे माणूस काय सांगतो आणि काय गाळतो ते कळतं. मग दोन याद्या. एका यादीत न बदलणाऱ्या गोष्टी: वय, आधीचे गुन्हे, ज्याच्यावर अन्याय केला ते माणूस ओळखीचं होतं की परकं. दुसऱ्या यादीत बदलणाऱ्या: सबबी, राग, एकटेपणा, मनात येणाऱ्या विचारांना तो आवर कसा घालतो. ही दुसरी यादी दर तीन महिन्यांनी पुन्हा भरायची. जोडीला शाईच्या डागांची चित्रं, आणि अर्धी वाक्यं पुरी करायला द्यायची. छापील भाषांतरं मला आवडत नाहीत, लाकडासारखी असतात. म्हणून साठ अर्धी वाक्यं मी स्वतःच्या हातानं केली आहेत.

सुरुवातीला श्रेणिकनं सगळ्यांसारखंच केलं. मुलगीच तशी होती, तिच्या घरच्यांचं आमच्याशी वैर होतं, वकील कच्चा निघाला. चौथ्या महिन्यात तो एकदम गप्प झाला. पाचव्यात म्हणाला, “मॅडम, मी केलं. कुणी करायला लावलं न्हाई.” सबबी गळाल्या. दुसऱ्या यादीतले आकडे दर वेळी खाली येत गेले. शाईच्या डागांत त्याला फुलपाखरं, नकाशे, देवळाची कमान दिसायची, सगळं नीटनेटकं.

एकच गोष्ट मला अधूनमधून खटकायची. तो फार शांत बसायचा. इतका, की मीच खुर्चीत हलायचे. एकदा वाक्यं लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाला, “खाली पाण्याची मोटर बंद झाली.” मला मोटर चालू होती हेच माहीत नव्हतं.

त्या दिवशीची वाक्यं माझ्याकडे अजून आहेत. ‘मला सगळ्यात आवडते’ याच्यापुढं त्यानं लिहिलं होतं, ‘शांतता’. ‘बंद दारामागे’ याच्यापुढं, ‘माणूस खरा असतो’. मी त्याच्या शेजारी टिपण केलं, आत्मपरीक्षण वाढले आहे.

दहाव्या महिन्यात शेवटचा भाग आला, पत्राचा. ज्या व्यक्तीवर अन्याय केला तिला पत्र लिहायचं. ते पाठवायचं नसतं. माझ्यासमोर वाचायचं आणि फाइलमध्ये ठेवायचं. तिच्या आयुष्याचं आपण काय केलं ते गुन्हेगाराला तिच्या बाजूनं दिसतं का, हे त्यातून तपासायचं असतं. बहुतेक जण इथं आपटतात. स्वतःबद्दल पानंच्या पानं लिहितात, माझी बदनामी झाली, माझी आई खचली, आणि तिच्याबद्दल दोन ओळी.

गणपतीच्या आदल्या मंगळवारी श्रेणिकनं पत्र वाचलं. एकच पान होतं. स्वतःबद्दल एक अक्षर नव्हतं.

“तू घरी येतेस,” तो वाचत होता, संथ, गणित समजावतात तसं. “आधी वरची कडी लागते, मग खालची. मधे तू थोडी थांबतेस. दार बंद केलं की माणूस मोकळा होतो, तू होत नाहीस. हे तुझं थांबणं मी तुला दिलं आहे. ते मला परत घेता येत नाही.”

मला भरून आलं. खोटं कशाला बोलू, भरून आलं. वीस वर्षांत मी असं पत्र ऐकलं नव्हतं. ते थांबणं! एखाद्या मुलीच्या जागी इतकं आत जाऊन उभं राहता येतं याचंच मला नवल वाटलं. दुसऱ्याच्या दुःखाची जाण या रकान्यात मी त्याला पूर्ण गुण दिले. त्या ओळींखाली लाल रेघ ओढली आणि समासात ‘उत्तम’ लिहिलं. हा शब्द मी कुणाला सहसा देत नाही. पुढच्या आठवड्यात अहवाल पुरा केला, सही केली, पाकिटात घातला. धोका कमी.

क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी दहाला, रूपाली पाकीट घ्यायला आली. येताना कागलचे पेढे घेऊन आली होती. मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि पर्सेत ठेवलं.

“आज सांजच्यालाच आणायचं म्हणत्यात हे भाऊजींना,” ती म्हणाली. “पोरींना सांगितलंय, काका येणार म्हणून. धाकटीनं चित्र काढून ठेवलंय.”

“शाहूपुरीला जाऊन आलात?” मी सहज विचारलं.

“काल गेलतो की. ह्या वर्षी दार उघडायलाच केवढा येळ! आतनं दोन-दोन कड्या. पैली एकच हुती. ही खालची आता नवीन बसवून घेतली म्हणं, गणपतीच्या आदी पंधरा दिवस.”

मी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला होता. तो तसाच राहिला.

“का बसवली?”

“पोरगी म्हणती, दाराबाहेर कोणतरी हुबं असतंय. घरात आली, कडी लावली, की जिन्यातली पावलं थांबत्यात. उघडून बघावं तर कोण न्हाई. दोन महिने झालं, असंच. तिची आई रडत हुती हो. म्हणाली, नऊ वर्षं झाली, पोरीच्या डोक्यातनं ते जाईना, आता भास व्हायला लागल्यात. तुमचं नाव सांगितलं मी. आणू का म्हणाली पोरीला, तुमच्याकडं तपासायला?”

मी उठून कपाट उघडलं, फाइल काढली, पत्र काढलं. आधी वरची कडी लागते, मग खालची. दोन महिन्यांपूर्वी त्या दाराला खालची कडी नव्हतीच. ती फक्त आतून दिसते. बाहेरच्या माणसाला ती दिसू शकत नाही, ऐकू येऊ शकते. आणि मधलं थांबणं ऐकायचं असेल तर दाराला कान लावावा लागतो.

त्या मुलीनं जे खरं ऐकलं त्याला सगळे भास म्हणत होते. आणि ह्यानं जे चोरून ऐकलं त्याला मी दुसऱ्याच्या दुःखाची जाण म्हटलं होतं. वर गुण दिले होते. मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी बेसिनपाशी जाऊन तोंडातला पेढा थुंकून टाकला.

“रूपालीताई, ते पाकीट परत द्या.”

“का वो?”

“माझं चुकलं. धोका कमी नाही. मी लिहिलंय ते साफ चुकीचं आहे.”

तिनं पर्स छातीशी घट्ट धरली. क्षणभर मला वाटलं, ती देणार नाही. दहा महिने ती याच कागदाची वाट बघत होती. घरात सगळ्यांशी वाईटपणा घेऊन बसली होती. मग तिनं माझ्या हातातलं पत्र बघितलं. मी त्या चार ओळींवर बोट ठेवलं. तिनं ओठ हलवत वाचलं, आणि पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“आमच्यातल्या कुणी पत्ता दिला न्हाई, मॅडम,” ती कसंबसं म्हणाली. मग तिचा चेहरा पांढरा पडला. “मी दर वर्षी यष्टीनं जातो. गेल्या वर्षी, माझ्या मागनं…”

दर वर्षी ती क्षमा मागायला जायची, आणि गेल्या वर्षी तिच्या मागं मागं तो गेला होता. मी तिला पाणी दिलं.

“आता घरी जाऊ नका,” मी म्हणाले. “सरळ शाहूपुरीत जा. त्या मुलीला स्वतः सांगा, तुला भास होत नाहीत. हेच शब्द सांगा. आणि नवऱ्याला फोन करा, आज कुणी घरी येणार नाही म्हणून.”

ती गेल्यावर मी धैर्यशीलला फोन लावला. तो माझ्या बहिणीचा वर्गमित्र, पोलिसात फौजदार आहे. “ताई, बंदोबस्तात हाय, तासाभरात येतो,” तो म्हणाला. “तवर दार लावून बसा.” शहाणी बाई असते तर ऐकलं असतं. पण मला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. दहा महिने मी त्याला तपासत होते की तो मला, हे मला कळायलाच हवं होतं.

अकराला दोनदा टकटक झाली.

श्रेणिक बसला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. टेबलावर पेढ्यांचा पुडा आणि अहवालाचं पाकीट होतं. त्यानं दोन्हींकडे एकदाच बघितलं.

“वहिनी येऊन गेल्या वाटतं.”

मी पत्र त्याच्यापुढं सरकवलं. “ही ओळ वाचा. आधी वरची कडी, मग खालची. मधे ती थांबते. मधे ती काय करते, श्रेणिक?”

तो सबब सांगेल असं मला वाटलं होतं. चिडेल, रडेल, कल्पनेनं लिहिलं म्हणेल. यातल्या प्रत्येकासाठी माझ्याकडे एकेक रकाना होता. त्यानं पत्र हातात घेतलं, माझी लाल रेघ बघितली, आणि त्याच संथ आवाजात म्हणाला,

“ऐकती.”

“काय ऐकते?”

“मी गेलो का ते.”

मी विचारलं, “का जाता तिथं?”

“काही करत न्हाई, मॅडम. हात लावत न्हाई, बोलत न्हाई. नुसता हुबा असतो.” मग जरा विचार करून म्हणाला, “किती गुण कमी केले?”

“हे मी लपवून ठेवणार नाही. पहिल्या दिवशी सही केली होती तुम्ही. पोलिसांना कळवलंय.”

“व्हय, सही केलेली.” तो उठला. पत्र होतं तसंच टेबलावर ठेवलं. दाराशी जाऊन वळला आणि हात जोडले. “उत्तम क्षमा, मॅडम.” कालच रूपाली ज्या शब्दांत त्या माय-लेकींपुढं वाकली होती, तेच शब्द. “तुम्ही कधी थांबला न्हाईत बघा. एकच कडी लावता आणि लगेच डबा उघडता. आधी वरची क्लिप, मग बाजूची.”

तो गेला. मी दार ढकललं, कडी लावली. एकच होती.

डबा टेबलावर होता. मी त्याला हात लावला नाही. दाराला पाठ लावून उभी राहिले आणि त्याची पावलं मोजू लागले. अकरा, बारा, तेरा. सतराव्या पायरीवर पहिला मजला येतो. तिथं पावलं थांबली. स्कूटर सुरू होईना. इतके महिने ज्याला मी बिघडलेली किक समजत होते ती ही शांतता होती. मी जेवत होते आणि कुणीतरी सतरा पायऱ्या खाली उभं राहून माझं जेवण ऐकत होतं.

मी ऐकत होते. तो गेला का ते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एकदा वाटलं, पावलं वर येताहेत, अनवाणी. एकदा वाटलं, दाराच्या त्या बाजूला कापडाची सळसळ झाली, अगदी माझ्या खांद्यामागं, लाकडाच्या जाडीइतक्या अंतरावर. शेवटी माझा रागच माझ्या मदतीला आला. मी कडी काढून दार खाडकन उघडलं.

कोणी नव्हतं. जिना रिकामा, पहिल्या मजल्यापर्यंत ऊन पडलेलं. मी पुन्हा दार लावलं, पुन्हा कडी लावली, आणि पुन्हा मला वाटलं, आहे.

धैर्यशील आला तेव्हा मी तीनदा कोण म्हणून विचारलं आणि मगच उघडलं. तो घामाघूम झाला होता.

“कुठं हाय तो?”

“इथंच. जिन्यात. खाली स्कूटर असेल बघ त्याची, ती सुरू झालीच नाही. मी सगळा वेळ ऐकत होते.”

“खाली एक गाडी न्हाई, ताई. जिन्यातबी कोण न्हाई. वरच्या गच्चीपातूर बघून आलो.” त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, मग खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. आजारी माणसाशी बोलतात तसा. “बसा जरा. पाणी घ्या. लई टेन्शन घेतलंय तुम्ही. भास झाला असंल.”

तेवढ्यात फोन थरथरला. रूपालीचा मेसेज होता. ‘सांगितलं पोरीला. रडली नाही. म्हणाली, मला माहीत होतं.’

धैर्यशीलनं वही उघडली. “पुरावा काय हाय म्हणायचा आपल्याकडं?”

मी त्याला पत्र दिलं. त्यानं खिडकीच्या उजेडात धरून त्या चार ओळी वाचल्या, मग समासात बघितलं, आणि मान वर करून विचारलं, “आणि हे लाल अक्षरातलं ‘उत्तम’ कुणी लिहिलंय?”

“मी,” मी म्हणाले. “तेही लिहून घे.”